अव्वल रायडरने घरच्या लीगमध्ये उतरावे का? ब्रिटिश स्पीडवेचा अवघड प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने राष्ट्रीय संघातील खेळाडूंना देशांतर्गत सामने खेळणे बंधनकारक केले आणि त्यानंतर काही दिवसांतच रोहित शर्मा सुमारे दहा वर्षांनी मुंबईकडून रणजी सामन्यात उतरला. आपल्याकडचा वाद एका आदेशाने मिटला, कारण संघनिवड आणि वार्षिक करार ही दोन्ही सूत्रे मंडळाच्याच हाती आहेत. स्पीडवे या मोटारसायकल शर्यतीच्या खेळात, विशेषतः ब्रिटनमध्ये, हाच वाद कितीतरी वर्षे चालू आहे. तिथे मात्र असा आदेश देऊ शकेल अशी कोणतीही संस्था नाही. विश्वविजेतेपदासाठी झुंजणारा ब्रिटिश रायडर पोलंडमध्ये आणि स्वीडनमध्ये दर आठवड्याला शर्यती करतो आणि आपल्या देशातल्या लीगमध्ये मात्र कित्येकदा दिसतच नाही. हे योग्य आहे का, हे ठरवण्यापूर्वी हा खेळ कसा चालतो आणि त्यात पैसा कसा फिरतो ते समजून घ्यावे लागते, कारण भारतात तो फारसा कुणी पाहिलेला नाही.

एका मिनिटाची शर्यत

मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर चार रायडर एकाच वेळी सुटतात, चार फेऱ्या मारतात आणि साधारण एका मिनिटात शर्यत संपते. या एका शर्यतीला हीट म्हणतात. मोटारसायकल ५०० सीसीची, एकाच सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी असते. तिला गिअर एकच असतो आणि ब्रेक अजिबात नसतो. तिचे वजन किमान ७७ किलो असावे असा नियम आहे. फेऱ्या नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने होतात, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडचेच असते. वळणावर रायडर मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवतो आणि पोलादी तळ बसवलेला डावा बूट जमिनीला टेकवत तोल सांभाळतो. वेग आवरण्याचे साधन हे घसरणेच असते. ते साधण्यासाठी जी हातोटी लागते ती वर्षानुवर्षांच्या सरावाने येते, आणि थोडी जरी चूक झाली तरी रायडर कुंपणावर आदळतो.

या खेळाचा उगम १९२३ साली ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड येथे झाला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९२८ च्या फेब्रुवारीत लंडनजवळच्या हाय बीच येथे झालेल्या शर्यतीनंतर तो ब्रिटनमध्ये वणव्यासारखा पसरला. विश्वविजेतेपदाची पहिली अंतिम लढत १९३६ मध्ये वेम्बलीला झाली.

लीगच्या सामन्यात दोन क्लब समोरासमोर असतात. ब्रिटनमध्ये प्रत्येक क्लबचे सात रायडर असतात आणि एका सामन्यात पंधरा हीट होतात. प्रत्येक हीटमध्ये दोन्ही बाजूंचे दोन-दोन रायडर उतरतात. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ गुण मिळतो आणि शेवटच्याला काहीच मिळत नाही. सामन्याची बेरीज करणे त्यामुळे शाळकरी मुलालाही जमते. प्रेक्षक कार्यक्रमपत्रिकेवर पेनाने गुण लिहीत बसतात, ही या खेळाची जुनी रीत आहे.

रायडर कोणाचाही पगारी नोकर नाही

येथे क्रिकेट किंवा फुटबॉलची सवय असलेल्या वाचकाची हमखास गल्लत होते. फुटबॉलपटू एका वेळी एकाच क्लबचा असतो. स्पीडवेचा रायडर एकाच हंगामात पोलंडमधल्या एका, स्वीडनमधल्या दुसऱ्या, डेन्मार्कमधल्या तिसऱ्या आणि ब्रिटनमधल्या चौथ्या क्लबकडून उतरू शकतो, आणि यात कुणाशीही बेइमानी होत नाही.

आपल्याकडच्या लग्नसराईतला नावाजलेला आचारी डोळ्यांसमोर आणावा. भांडी त्याची, मदतनीस त्याचे, टेम्पो त्याचा. सोमवारी एका गावचे जेवण, मंगळवारी दुसऱ्या गावचे, आणि मोबदला कामाप्रमाणे. रायडरचेही तसेच असते. मोटारसायकली, इंजिने, मेकॅनिक आणि गाडी हे सगळे तो स्वतःच्या पैशातून सांभाळतो आणि क्लब त्याला मुख्यतः मिळवलेल्या गुणांप्रमाणे पैसे देतो. मोठ्या पोलिश क्लबांमध्ये करारावर सही करतानाच मोठी रक्कम मिळते आणि वर प्रत्येक गुणाचे वेगळे. पडून हाड मोडले तर गुण थांबतात, आणि गुण थांबले की उत्पन्नही थांबते. इंजिनाच्या दुरुस्तीचा आणि मेकॅनिकच्या पगाराचा खर्च मात्र थांबत नाही. म्हणून घरच्या लीगमध्ये उतरण्याचा निर्णय रायडरसाठी भावनेचा असतो तितकाच तो एका छोट्या व्यवसायाच्या हिशेबाचाही असतो, आणि या दुसऱ्या बाजूकडे टीकाकारांचे बहुधा लक्ष जात नाही.

आठवड्याचे सात दिवस कसे भरतात

पोलंडच्या सर्वोच्च लीगचे, म्हणजे एक्स्ट्रालीगाचे सामने प्रामुख्याने शुक्रवारी आणि रविवारी होतात. स्वीडनचा दिवस मंगळवार, डेन्मार्कचा बुधवार. विश्वविजेता ठरवणाऱ्या ग्रां प्री मालिकेच्या फेऱ्या शनिवारी होतात. उरलेल्या सोमवारी आणि गुरुवारी ब्रिटनमधल्या सर्वोच्च लीगचे, म्हणजे प्रीमियरशिपचे बहुतेक सामने बसवले जातात.

कागदावर हे अगदी नीट बसलेले दिसते, कारण एकही वार दुसऱ्यावर येत नाही. प्रत्यक्षात रविवारी रात्री पोलंडमध्ये शर्यत संपवून सोमवारी संध्याकाळी मँचेस्टरला पोहोचायचे, मंगळवारी सकाळी स्वीडनचे विमान पकडायचे, गुरुवारी पुन्हा इंग्लंडमध्ये यायचे आणि शुक्रवारी पोलंडला परतायचे, असा तो क्रम होतो. चांगले रायडर प्रत्येक देशात मोटारसायकलींचा वेगळा संच आणि वेगळा मेकॅनिक ठेवतात, म्हणजे लीग वाढली की खर्चही त्या पटीने वाढतो. शिवाय हा खेळ मातीवरचा असल्यामुळे पाऊस पडला की सामना रद्द होऊन पुढे ढकलला जातो, आणि पुढे ढकललेला सामना नेमका विश्रांतीच्या दिवशी येऊन बसतो.

पूर्वी हा प्रश्नच का नव्हता

१९६५ मध्ये ब्रिटिश लीगची नव्याने बांधणी झाली आणि त्यानंतरची साधारण पंचवीस वर्षे जगातला जवळपास प्रत्येक मोठा रायडर तिथेच उतरत असे. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, ज्याने सहा वेळा विश्वविजेतेपद मिळवले, तो मँचेस्टरच्या बेल व्ह्यू क्लबकडून खेळत असताना त्या क्लबने १९७० ते १९७२ अशी सलग तीन वर्षे लीग जिंकली. डेन्मार्कचा हान्स नील्सन १९८६, १९८७ आणि १९८९ मध्ये विश्वविजेता झाला, तेव्हा तो ऑक्सफर्डचा रायडर होता. घरच्या लीगमध्ये उतरावे का, हे पीटर कॉलिन्सला कुणी विचारले नसते. १९७६ चा हा इंग्लिश विश्वविजेता बेल व्ह्यूचाच होता आणि सर्वात चांगली लीग त्याच्या घराशेजारीच भरत होती.

मग दोन गोष्टी बदलल्या. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट संपल्यावर तिथल्या क्लबांनी परदेशी रायडर आणायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये खुद्द नील्सन लुब्लिनच्या क्लबमध्ये दाखल झाला. स्पीडवे तिथल्या अनेक शहरांचा मुख्य खेळ आहे. लेश्नो, गोझुफ, झिएलोना गुरा, तोरून अशा शहरांत नगरपालिका क्लबांना आधार देतात, प्रायोजक मिळतात, दूरचित्रवाणीचा पैसा येतो आणि स्टेडियम भरते. दुसरा बदल १९९५ चा. तोपर्यंत विश्वविजेता बहुतेक वेळा एकाच रात्रीच्या अंतिम लढतीत ठरत असे. त्या वर्षापासून हंगामभर चालणारी ग्रां प्री मालिका सुरू झाली. वर्षातून एकदा जपायची ताकद आता महिन्यामहिन्याला जपावी लागू लागली.

ब्रिटनमध्ये याच काळात उलटे वारे वाहत होते. कॉव्हेंट्रीचा क्लब २०१६ नंतर आपल्या स्टेडियमबाहेर पडला, कारण ती जागा घरबांधणीसाठी हवी होती. स्विंडनचा शेवटचा हंगाम २०१९ चा. वुल्व्हरहॅम्प्टन आणि पीटरबरो या दोघांचाही २०२३ चा. बड्या रायडरांनी पाठ फिरवली म्हणून हे क्लब बंद पडले असे म्हणणे चुकीचे ठरेल. बहुतेक ठिकाणी क्लबच्या मालकीची जागाच नव्हती आणि जमिनीचा भाव किंवा ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींची सोय स्पीडवेपेक्षा वरचढ ठरली. तरीही गर्दी कमी झालेल्या क्लबला जागामालकाशी बोलताना बळ कमी पडते, आणि गर्दीचा संबंध नावाजलेल्या रायडरांशी असतोच.

एकाच रायडरने दोन्ही वाटा चालून पाहिल्या

ताय वॉफिंडन हा या वादाचा सर्वात बोलका दाखला आहे. स्कनथॉर्पला जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये वाढलेला हा रायडर २०१३, २०१५ आणि २०१८ मध्ये विश्वविजेता झाला. ब्रिटनच्या दुसऱ्या कोणत्याही रायडरला तीन विजेतेपदे मिळालेली नाहीत. २०१३ मध्ये तो वुल्व्हरहॅम्प्टनकडून लीगमध्ये उतरत होता. २०१८ मध्ये तो ब्रिटिश लीगमध्ये नव्हता. २०१६ नंतर त्याने तिथल्या साप्ताहिक शर्यतींकडे पाठ फिरवली होती. पुढे २०२३ मध्ये तो शेफिल्डकडून परत आला आणि त्या वर्षी शेफिल्डने प्रीमियरशिप जिंकली.

यातून दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सापडतो. लीगमध्ये उतरूनही विश्वविजेता होता येते, आणि न उतरताही होता येते. त्याच्या अनुपस्थितीत सहा हंगाम ब्रिटनमधल्या मुलांना आपला विश्वविजेता एखाद्या ग्रां प्रीपुरता किंवा पडद्यावरच पाहावा लागला, ही गोष्ट मला मात्र सर्वात जास्त खुपते.

“जास्त शर्यती म्हणजे जास्त धोका”

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो कुणीही हलक्यावर घेऊ नये. २०१२ मध्ये इंग्लंडचा ली रिचर्डसन व्रोत्सवाफमधल्या अपघातात मरण पावला. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड झिएलोना गुरामध्ये कुंपणावर आदळून कमरेखाली लुळा झाला. वॉफिंडन स्वतः २०२५ च्या मार्चअखेर पोलंडमधल्या क्रोस्नो येथे एका सराव सामन्यात इतका जखमी झाला की त्याची अनेक हाडे मोडली. ज्या खेळात एका मिनिटात असे होऊ शकते, तिथे आठवड्याला आणखी पाच हीट वाढवणे म्हणजे धोका वाढवणे, हे सरळ गणित आहे.

परंतु या गणितात एक बाब सुटते. शर्यतींचा एकूण भार कमी करायचा असेल तर नेमकी कोणती लीग गाळायची, हा वेगळा प्रश्न आहे. रायडर पोलंड, स्वीडन आणि ग्रां प्री ठेवतो आणि घरची लीग गाळतो, तेव्हा तो धोक्याची नव्हे तर मोबदल्याची क्रमवारी लावत असतो. त्यात गैर काही नाही. मात्र ती क्रमवारी सुरक्षिततेच्या नावाने मांडली जाऊ नये. तीन लीगऐवजी दोन लीग करायच्या असतील तर त्या दोनपैकी एक घरची असू शकते, आणि त्यात प्रवासही वाचतो.

“मग जगातला पहिला क्रमांक टिकणार कसा?”

ऑस्ट्रेलियाचा जेसन डॉयल २०१७ मध्ये विश्वविजेता झाला, त्या वर्षी तो ब्रिटनमध्ये स्विंडनकडून उतरत होता आणि स्विंडननेही त्या वर्षी लीग जिंकली. २०२५ मध्ये त्याचाच देशबांधव ब्रेडी कर्ट्झ बेल व्ह्यूकडून नियमित उतरत असूनही विश्वविजेतेपदाच्या शर्यतीत केवळ एका गुणाने मागे राहिला. त्याला मागे टाकणारा पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक. हे त्याचे सहावे विश्वविजेतेपद. झ्मार्झलिक आयुष्यभर आपल्या घरच्या लीगमध्ये उतरत आला आहे, आधी गोझुफकडून आणि २०२३ पासून लुब्लिनकडून.

अर्थात झ्मार्झलिकचे उदाहरण ब्रिटिश रायडरला सुनावण्यासाठी वापरणे न्यायाचे नाही. त्याच्या घरची लीग हीच जगातली सर्वात श्रीमंत लीग आहे आणि तिचा नियमही त्याच्या बाजूचा आहे. प्रत्येक संघात ठरावीक पोलिश रायडर हवेत आणि त्यांत एकविशीच्या आतले दोन तरी हवेत, असे बंधन असल्यामुळे चांगल्या पोलिश रायडरसाठी क्लबांमध्ये चढाओढ लागते आणि त्याची किंमत वाढते. घरी राहण्यासाठी त्याला काहीच सोडावे लागत नाही. ब्रिटिश रायडरला सोडावे लागते, आणि म्हणूनच त्याच्या निर्णयाला नैतिक वजन येते.

सरासरीचा नियम आणि त्याची अडचण

ब्रिटिश लीगमध्ये बड्या रायडरला कधी कधी लीगचा नियमच दूर ठेवतो, ही बाब बाहेरच्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. प्रत्येक रायडरची सरासरी काढली जाते: एकूण गुणांना एकूण हीटच्या संख्येने भागायचे आणि चाराने गुणायचे. प्रत्येक हीट जिंकणाऱ्याची सरासरी १२ येते. सर्व क्लब तुल्यबळ राहावेत म्हणून संघातल्या रायडरांच्या सरासरींच्या बेरजेला वरची मर्यादा घातलेली असते.

समजा ती मर्यादा ४० आहे. दहा सरासरीचा रायडर घेतला की उरलेल्या सहा जणांसाठी ३० उरतात, म्हणजे प्रत्येकी पाच. क्लबचा व्यवस्थापक मग विचार करतो की एका ताऱ्याऐवजी सहा-साडेसहाचे भरवशाचे रायडर घेतले तर प्रत्येक हीटमध्ये गुण मिळतील, पैसे कमी लागतील आणि ते दर गुरुवारी हजर तरी राहतील. तुल्यबळ सामन्यांसाठी केलेला नियम अशा रीतीने ताऱ्याला महाग करून ठेवतो. माझ्या मते येथे दुरुस्तीला सर्वात जास्त वाव आहे. ब्रिटनमध्ये घडलेला आणि ग्रां प्रीमध्ये कायमस्वरूपी स्थान असलेला रायडर घेणाऱ्या क्लबला त्याच्या सरासरीत सूट दिली, तर मर्यादेचा हेतू फारसा बिघडत नाही, कारण असे रायडर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

सक्ती केली तर?

राष्ट्रीय संघात निवड हवी असेल तर घरच्या लीगमध्ये उतरलेच पाहिजे, अशी अट घालावी असे काही चाहत्यांना वाटते. ब्रिटनने २०२१ मध्ये मँचेस्टरला स्पीडवे ऑफ नेशन्स ही सांघिक स्पर्धा जिंकली. १९८९ नंतर प्रथमच जागतिक सांघिक विजेतेपद त्या देशाकडे आले. बत्तीस वर्षांनी हाती लागलेला संघ एका अटीपायी दुबळा करून घेणे शहाणपणाचे ठरणार नाही. शिवाय राष्ट्रीय संघाच्या लढती वर्षातून मोजक्याच असतात आणि रायडरचा चरितार्थ लीगवर चालतो, त्यामुळे ही धमकी क्रिकेट मंडळाच्या आदेशाइतकी चालणारही नाही. स्वतःच्या खर्चाने मोटारसायकल उभी करणाऱ्या माणसाला तोट्याच्या ठिकाणी उतरायला भाग पाडणे मला अन्यायाचेही वाटते.

तरी त्याने उतरावे, असे मी म्हणतो, आणि त्याचे कारण तरुण रायडर हे आहे. पंधरा हीटच्या रचनेत अठरा-एकोणीस वर्षांच्या नवख्या रायडरला जगातल्या पहिल्या दहांतल्या रायडरशेजारी सुरुवातीच्या फितीखाली उभे राहण्याची संधी मिळते. क्लच कधी सोडायचा, पावसानंतर जड झालेल्या मातीत आतली रेघ धरायची की बाहेरची, दोन हीटच्या मध्ये इंजिनाची जुळणी कशी बदलायची, हे शिकवण्याची सोय कोणत्याही शिबिरात नाही. ते शेजारून पाहूनच कळते. डॅन ब्यूली अशाच वाटेने बेल व्ह्यूमध्ये घडला, २०२२ मध्ये त्याने कार्डिफची ग्रां प्री जिंकली आणि नंतर पोलंडमध्ये व्रोत्सवाफकडून उतरत असतानाही तो बेल व्ह्यूकडे परतला. मँचेस्टरच्या सोमवारच्या सामन्यांत त्याच्या मागे दुसऱ्या जागेवर येणाऱ्या पोराला जे मिळते, त्याची किंमत कोणत्याही कराराच्या रकमेत दिसत नाही.

मागणी अशी माफक ठेवली तर ती पूर्ण होण्यासारखी आहे: आठवड्याला एकच ब्रिटिश सामना, तोही आधीच ठरलेल्या वाराला, पावसाने रद्द झालेला सामना त्या रायडरच्या विश्रांतीच्या दिवशी लादला जाणार नाही अशी लेखी हमी, तो येऊ शकला नाही तर त्याच्या सरासरीचा पाहुणा रायडर घेण्याची मुभा, जी ब्रिटिश नियमांत आजही ठरावीक कारणांसाठी आहे, आणि वर सांगितलेली सरासरीतली सूट. पोलंडला किंवा स्वीडनला आपला वार बदलावा लागत नाही आणि ग्रां प्रीचा शनिवारही मोकळा राहतो. वाढीव खर्चापैकी एका मेकॅनिकचा आणि मोटारसायकलींच्या एका संचाचा भार सर्व क्लबांनी मिळून उचलायचा का, एवढाच वाटाघाटीचा मुद्दा मग शिल्लक राहतो, आणि तो हंगाम सुरू होण्यापूर्वी, हिवाळ्यात, करारांवर सह्या होतात तेव्हाच सोडवावा लागेल.